अपेंडिक्स तर कधीच काढलंय, मग हे काय दुखतंय?

माझं अपेंडिक्स २०११ ला काढलंय, उजवीकडे टाक्यांची खूण आहे, त्यामुळे गेल्या जूनमध्ये रात्री दोनला बेंबीभोवती पिळवटून दुखायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, सकाळची मिसळ बाधली. आईने हिंग कालवून बेंबीभोवती लावला, ओवा चावायला दिला, मीपण तेच धरून बसलो. कळ यायची, दहा मिनिटांनी ओसरायची, परत यायची. पहाटे हिरवी उलटी झाली आणि पोट ढोलासारखं फुगलं तेव्हा बायकोने कुणाचं ऐकलं नाही, सरळ रिक्षात घातलं, सिंहगड रोडच्या प्रत्येक खड्ड्याला वाटायचं आता पोट फुटतंय.

पहिल्या हॉस्पिटलमध्ये, नाव राहू दे, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. गॅस पास होतोय का एवढं साधं कुणी विचारलं नाही, आणि तो रात्रीपासून होतच नव्हता. संध्याकाळी दुसरीकडे गेलो, तिथल्या सर्जननी पहिलं तेच विचारलं. उभं करून एक्सरे, मग सीटी. लहान आतडं अडकलंय, जुन्या ऑपरेशनमुळे आत चिकटलं असेल म्हणाले. नाकातून नळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही, दीड दिवस वाट बघितली, सुटलं नाही, मग दुर्बिणीतून ऑपरेशन.

आत निघालं भलतंच. मेकेल्स डायव्हर्टिक्युलम. आईच्या पोटात असताना बाळाचं आतडं एका नळीने बेंबीकडे जोडलेलं असतं, ती जन्माच्या खूप आधीच विरून जाते, पण शंभरात साधारण दोघांमध्ये तिचा तुकडा आतड्याला पिशवीसारखा राहतो, बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. माझ्यात तर पिशवीच्या टोकापासून बेंबीपर्यंत दोरीपण राहिलेली, तिच्याभोवती आतड्याला पीळ बसला. ही पिशवी लहान आतड्याच्या शेवटच्या दोनेक फुटांत असते, म्हणजे अपेंडिक्सपासून फार लांब नाही! २०११ ला छोट्या चिऱ्यातून काम उरकलं, तेव्हा तिकडे कुणी बघितलं नसणार. सीटीतपण ती बऱ्याचदा साध्या आतड्यासारखीच दिसते म्हणे. पिशवी आतड्याच्या तुकड्यासकट काढली, बायोप्सीत वाईट काही नाही.

खरा वैताग टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्यांचा. क्वेरी आली, आजार जन्मजात आहे. अरे पण मला चौतीस वर्षं माहीतच नव्हतं ना! पॉलिसीत जन्मजातमध्येपण बाहेरून दिसणारं आणि आतलं असे दोन प्रकार असतात हे तेव्हा बेडवर पडून वाचलं. माझा आतला प्रकार आहे असं सर्जननी लेटरहेडवर लिहून दिलं, तरी डिस्चार्जच्या दिवशी सकाळपासून कपडे घालून बसलो आणि अप्रूव्हल आलं संध्याकाळी सातला.

तिसऱ्या दिवशी गॅस पास झाला तेव्हा आईने वॉर्डभर पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. दोरीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघ, मी हिंग बेंबीलाच लावला होता की नाही.