तुम्ही विचारलंत म्हणून: एका मुठीला सात महिने का लागले

कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि रंकाळ्यावर सकाळी फिरताना मला गेले वर्षभर एकच प्रश्न विचारला जातो. मी माझ्या शेडमध्ये बांधतो आहे त्या विमानाचे पंख झाले, शेपूट झाली, इंजिनही बसले. मग स्टिकवरची, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावरची, एक मूठ बसवायला सात महिने कसे लागले? विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक स्वतः लेथवर उभे राहिलेले आहेत. त्यामुळे त्यामागचा न उच्चारलेला प्रश्नही मला ऐकू येतो: अर्ध्या तासाचे जॉबवर्क, आणि तेही ह्याला जमले नाही? आजवर मी “वायरिंगचं काम निघालं” एवढे सांगून सुटत आलो. ते खोटे नव्हते, परंतु त्यात माझ्या सोयीची गाळणी होती.

विमान का बांधतो, ठेवणार कुठे, उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरू देतील का, कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना २०१७ मध्ये नोंदणी मिळाली तशी मला मिळेल का, ह्या सगळ्यावर आपले बोलून झालेले आहे. आज फक्त मुठीचे.

ही मूठ म्हणजे लुनाच्या हँडलवरचे रबर नव्हे. वैमानिकाचा हात उड्डाणभर तिच्यावरच असतो, म्हणून हात न काढता जे जे करता यावे ते सारे तिच्यात आणून ठेवलेले असते. माझ्या मुठीत तर्जनीखाली रेडिओवर बोलायचे बटण आहे, अंगठ्याखाली मागेपुढे ढकलायचे ट्रिमचे, म्हणजे विमानाचे नाक हवे तेवढे वर-खाली राखायचे, बटण आहे आणि शेजारी ऑटोपायलट तोडायचे लाल बटण आहे. ह्या तिघांच्या मिळून पाच तारा निघतात, त्या स्टिकच्या पोकळ नळीतून खाली जातात आणि तळाशी पाडलेल्या भोकातून, तिथल्या ग्रोमेटमधून, म्हणजे रबरी कड्यातून, बाहेर पडतात. तिथे त्यांना एवढी ढील ठेवावी लागते की स्टिक चारही कोपऱ्यांत पूर्ण गेली तरी तार ताणली जाऊ नये, आणि एवढीही नाही की ती कशात तरी अडकावी.

स्टिकची उंची ठरवण्यात आणि मूठ किती अंश आत वळवायची ह्यात तीन आठवडे गेले, त्याबद्दल मला खंत नाही. सीटवर गादी ठेवून, तिच्यावर माणूस बसवून, गादी दबल्यावरच माप घ्यावे लागते. स्टिक पुढे टेकवली की बोटांची पेरे पॅनेलच्या बटणांना लागता कामा नयेत आणि डावीकडे टेकवली की ती मांडीत रुतता कामा नये. फार आखूड केली तर तरफ कमी पडून हाताला जोर लागतो. कापलेली नळी वाढत नसते, म्हणून आम्ही एका वेळी पाच मिलिमीटरच कापत गेलो.

खरी गोष्ट पुढे आहे. स्टिकची नळी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, बाहेरून पाऊण इंचाहून थोडी जाड, म्हणजे सात-अष्टमांश इंच किंवा २२.२ मिलिमीटर. मी बाहेरून मागवलेल्या मुठीचे भोक मात्र एक इंचाचे, २५.४ मिलिमीटरचे निघाले. कोल्हापुरात कोणत्याही अडचणीवर पहिला उपाय म्हणजे बुश, मधली फट भरणारी छोटी नळी, आणि मीही ह्याच गावचा. ॲल्युमिनिअमची ६० मिलिमीटर लांबीची, दीड मिलिमीटरपेक्षा किंचित जाड भिंतीची बुश मी स्वतः लेथवर काढली आणि दोन्ही अंगांनी इपॉक्सी गोंद लावून नळी, बुश आणि मूठ एकजीव करून टाकली. ती बुश उत्तम झाली होती, हे आजही सांगतो.

त्यावेळी आमच्या मिस्त्रींनी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. गेली सव्वीस वर्षे ते माझ्या शेडमध्ये आहेत. ते म्हणाले, “मालक, नळी पॉलिश पेपरनं घासून ॲसिटोननं पुसून घ्यूया, आणि एक आरपार बोल्ट मारूया.” मी दोन्ही नाकारल्या. बोल्टबद्दल माझे म्हणणे असे की तारा जिथून जातात त्याच पोकळीत आडवा बोल्ट घालणे म्हणजे तारांना आयुष्यभराचा शेजारी खवीस देणे. घासण्याबद्दल म्हणणे वगैरे काही नव्हते. संध्याकाळ झाली होती, इपॉक्सी कालवलेले होते आणि मी हाताशी असलेल्या वेस्टने, म्हणजे यंत्रे पुसायच्या सुती चिंध्यांनी, नळी पुसून घेतली. ते वेस्ट दिवसभर लेथवरचे तेलकट कूलंट पुसायला वापरलेले होते. शिवाय जुलै महिना होता, आणि आपल्याकडच्या जुलैत लोखंडाला घाम सुटतो हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

त्या दिवसाची माझ्या बांधणीवहीतली नोंद आजही जशीच्या तशी आहे. “डावी मूठ पूर्ण”, म्हणजे डाव्या सीटची, असे लिहून खाली हिशोब मांडला आहे: चिकटलेले क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस मिलिमीटर, चौरस मिलिमीटरला अवघा एक न्यूटन धरला तरी मूठ ओढून काढायला चारशे किलोंहून जास्त ताण लागेल, सबब बोल्ट अनावश्यक. ही नोंद करणाऱ्या माणसाशी मी अनेकदा मनातल्या मनात भांडलो आहे. त्याचे गणित बरोबर आहे, हीच तर अडचण आहे. फक्त ते गणित स्वच्छ नळीचे आहे, आणि त्याच्यापुढची नळी स्वच्छ नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी एक निवृत्त फ्लाइंग इन्स्ट्रक्टर विमान बघायला आले. मी त्यांना सर म्हणतो. शेडमध्ये त्या दिवशी दहा-बारा माणसे होती, कारण मीच बोलावली होती. सर सीटवर बसले, त्यांनी स्टिकवर मूठ आवळून अंगठा उभा ठेवला आणि ती डावीकडे नेली. अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, वर गेलेले दिसले पाहिजे, ही तपासणीची जुनी पद्धत. सगळे बरोबर होते. ट्रिम दाखवायचे म्हणून मी बॅटरी जोडली आणि त्यांनी बटण मागेपुढे करून पाहिले. मग ते उतरायला निघाले. उठताना त्यांनी कॉकपिटच्या कडेला हात लावला नाही; उजव्या हाताने स्टिकच धरली आणि अंगाचा भार तिच्यावर टाकून वर उठले.

मूठ निघाली. आवाज असा झालाच नाही, बाटलीचे बूच निघावे तशी ती बुशीसकट नळीवरून सरकली आणि सर पाठीवर सीटमध्ये कोसळले. तारा मात्र खाली ग्रोमेटशी बांधलेल्या होत्या. त्यांतल्या दोन तुटल्या आणि एकीचे आवरण नळीच्या तोंडावर खरवडले गेले, कारण नळी कापल्यावर बाहेरचा बर, म्हणजे कापताना उभी राहिलेली धातूची धार, मी काढला होता, आतली कड धारदारच राहिली होती. ती तार ‘नाक वर’ ट्रिमची होती. ह्या तारा विमानाच्या धातूला, म्हणजे विजेच्या भाषेत जमिनीला, टेकल्या की रिले, म्हणजे मोटरचा विजेवर चालणारा स्विच, ओढला जातो आणि मोटर चालू होते. उघडे पडलेले तांबे नळीला लागले आणि मागे शेपटीवरची ट्रिमची पट्टी घरघर करीत खाली जाऊ लागली. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात तुटलेली मूठ, आणि पंधरा फूट मागे ती पट्टी कोणी न सांगता चालली आहे. सगळे तिकडेच बघत होते. शेवटच्या टोकाला जाऊन ती आपोआप थांबली. मग मला बॅटरी काढायचे सुचले.

सरांना काही लागले नव्हते. आणि त्या क्षणी, त्या दहा-बारा माणसांदेखत, मी मिस्त्रींकडे वळून म्हणालो, “मिस्त्री, नळी नीट पुसली नव्हती का?”

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. तिथे हजर असलेल्यांनाही ते बहुधा आठवत नसेल, कारण सर्वांचे लक्ष सरांकडे होते. मिस्त्री काही बोलले नाहीत. ते पुढे आले, माझ्यासमोरून सरांच्या हातातली मूठ घेतली आणि आतून बघितली. इपॉक्सी सगळे बुशीला चिकटलेले होते, आरशासारखे गुळगुळीत. नळीवर त्याचा कणही नव्हता, होती ती तेलाची झाक. सांधा गोंद कमी पडून तुटला असता तर गोंद दोन्हीकडे फाटून राहिला असता. एकाच बाजूला राहिला ह्याचा अर्थ शेडमधला पोरगाही सांगेल. मिस्त्रींनी मूठ बेंचवर ठेवली आणि ते हात धुवायला गेले.

सरांशी मी वाद घातला, तेही कबूल करतो. स्टिक ही उठायला धरायची वस्तू नाही, असे मी म्हणालो. ते म्हणाले, “मी मुद्दाम धरून उठलो. ह्यात बसणारा प्रत्येक माणूस हिलाच धरून उठणार आहे, तुम्ही पाटी लावली तरी.” मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही अर्धेच पटते. परंतु अमेरिकेतल्या लहान विमानांच्या जुन्या प्रमाणन नियमांत स्टिकवर मागेपुढे १६७ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ७६ किलो, जोर धरलेला असे. घरी बांधलेल्या विमानाला तो आकडा बंधनकारक नाही, पण घाबरलेल्या माणसाच्या हाताला हे कोण समजावणार? सरांनी लावला असेल तो जोर त्याच्या निम्माही नसेल.

आता उरलेल्या महिन्यांचा हिशोब. नवीन मूठ यायला अडीच महिने लागले. पाचही तारा नव्याने ओढल्या, नळीची आतली कड कानशीने आणि पेपरने गोल केली, तोंडाशी तारांना हीट-श्रिंकचा, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या आवरणाचा, दुहेरी वेढा दिला. नवी बुश मिस्त्रींनी काढली. चिकटवायच्या दिवशी त्यांनी ॲसिटोन आणि नव्या कापडाचे तुकडे आणले, प्रत्येक तुकडा एकदाच वापरला आणि पुसून झाल्यावर नळीच्या आसपास मला येऊ दिले नाही. पाऊस सरेपर्यंत थांबायचे हेही त्यांनीच ठरवले होते. बोल्ट ३/१६ इंचाचा, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरचा, डावीकडून उजवीकडे आरपार घातला आहे, पुढून मागे नव्हे. स्टिकवरचा मोठा जोर मागे खेचतानाचा असतो. त्यात नळीची पुढची आणि मागची भिंत ताणली-दाबली जाते आणि बाजूच्या भिंतींवर तो ताण जवळजवळ नसतो, तेव्हा भोक पाडायचेच तर तिथे. शिवाय वाकवणारा भार खाली बिजागरीशी सर्वांत जास्त आणि वर मुठीशी सर्वांत कमी असतो, म्हणून नळी कमजोर होईल ही माझी जुनी तक्रार फारशी टिकत नाही.

मूठ तयार झाल्यावर आम्ही ती स्टिक विमानातून सोडवून व्हाइसमध्ये आवळली आणि गूळ तोलायचा स्प्रिंगकाटा मुठीला अडकवून मागे, वर आणि पिळून खेचली. ऐंशी किलोंवरही ती तसूभर हलली नाही. मिस्त्रींनी नटावर लाल रेघ ओढली, नट ढिला पडला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

वहीतल्या जुन्या नोंदीखाली मी लिहिले आहे: “नळी मी पुसली. चूक माझी.” मिस्त्री वही वाचत नाहीत, हे मला ती ओळ लिहिताना माहीत होते. तोंडाने मी काय बोललो म्हणाल, तर दिवाळीच्या आदल्या दिवशी बोनसचे पाकीट देताना “त्या दिवशीचं मनावर घेऊ नका” एवढे म्हणालो. ते “छे छे, मालक” म्हणाले. ह्याला क्षमा मागणे म्हणतात की नाही ते मला ठाऊक नाही.

आणि बोल्टचे भांडण संपले आहे असेही समजू नका. त्यावर बारीक नळीची बाही चढवली आहे, तारा तिच्या एका अंगाने जातात, तरीही इंजिनाच्या कंपनात शंभर तासांनी तिथे काय झालेले असेल ह्याची मला खात्री नाही. पहिल्या सांध्यात नळी स्वच्छ असती तर नुसते इपॉक्सी पुरले असते, असे माझे मत अजून कायम आहे. मिस्त्रींचे म्हणणे, नळी स्वच्छ होती की नव्हती हे चिकटवल्यावर बघता येत नाही, बोल्ट बघता येतो.

उजव्या सीटची मूठ अजून कागदात गुंडाळलेली आहे. तिच्यासाठी मी बोल्टऐवजी दोन बाजूंनी दोन आखूड रिव्हेट सुचवले आहेत, म्हणजे पोकळी तारांना मोकळी राहील; मिस्त्रींना ते मान्य नाही, उद्या मूठ काढायची वेळ आली तर रिव्हेट ड्रिल करावे लागतील आणि तो चुरा नळीतून खाली तारांवर जाईल, असे ते म्हणतात. मागच्या रविवारी उजवी नळी खुणा करून व्हाइसमध्ये बांधलेली होती. आम्ही दोघांनी तिच्याभोवती तास-दीड तास काढला आणि ड्रिल न लावताच शेड बंद केले.