पिवळं घर, निळं आकाश

तैलरंग शिकायचे तर आधी एखाद्या थोर चित्राची कॉपी करावी, हा जुना रिवाज. मी व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं 'पिवळं घर' निवडलं. भिंती, खिडक्या, छप्पर. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा चौकोन बरे, असा सरळ हिशेब.

चित्र १८८८ च्या सप्टेंबरमधलं. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात या घराचा उजवा भाग त्याने भाड्याने घेतला होता. डावीकडच्या गुलाबी इमारतीतल्या खानावळीत तो जेवायला जायचा. चित्राला तो स्वतः 'रस्ता' म्हणे, आणि ते खरंच आहे. रस्त्यात मातीचे ढीग पडलेत. चित्र पाहणारा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कॉपी करणाऱ्याला मात्र ते टाळता येत नाहीत. ढीग पिवळे, रस्ता पिवळा, घरही पिवळंच. मग घर वेगळं दिसतं कशामुळे?

इथे खरा अभ्यास सुरू होतो. पिवळ्यात पांढरा घातला की तो उजळतो, पण सगळी ऊब जाते. काळा घातला तर सावलीऐवजी शेवाळं मिळतं. सावलीसाठी यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि जांभळ्याचा अगदी कण, एवढंच चालतं. तरी भिंतीवर ऊन पडत नाही. ते पडतं वरच्या गडद कोबाल्ट निळ्यामुळे. आकाश जरा फिकं ठेवलं की घर लगेच आजारी दिसू लागतं. गंधकासारखं पिवळं ऊन आणि निर्मळ निळं आकाश एकत्र आणणं अवघड आहे आणि म्हणूनच ते जिंकायचंय, असं त्याने भाऊ थिओला कळवलं होतं. हे वाचून फार धीर येतो.

छपराची कड म्हणजे तर परीक्षाच. ओलं निळं ओल्या पिवळ्याला शिवलं की हिरवं झालंच म्हणून समजा. म्हणून दर फटकाऱ्यानंतर ब्रश फडक्याला पुसायचा, कडेशी केसभर जागा कोरी सोडायची आणि ती शेवटी भरायची. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरात तेल जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. पट्टी मात्र लांब ठेवलेली बरी. त्याच्या खिडक्या किंचित कललेल्या आहेत. त्या सरळ केल्या की घराचा नकाशा होतो.

कॉपीला कमी लेखणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. पुढे सँ-रेमीच्या रुग्णालयात असताना व्हॅन गॉगने स्वतः मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या कृष्णधवल प्रतींवरून चित्रं केली, रंग आपल्या मनाने भरून. माझी तेवढी हिंमत नाही.

पण नेमका कोणता पिवळा उतरवायचा, हा प्रश्न उरतोच. त्या काळी चित्रकार वापरायचे तो क्रोम यलो प्रकाशाने हळूहळू काळवंडतो. छापील प्रती पाहाव्यात तर प्रत्येकीतलं घर वेगळं. आर्लला जाऊन ताडून पाहायचीही सोय नाही. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ते घर उद्ध्वस्त झालं. शेवटी मी पॅलेटवर कॅडमियम यलो घेतला आणि आधी आकाश पुरेसं गडद करून टाकलं.