अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी

गेल्या मे महिन्यात विजेवरची मोटार घेऊन पुण्याहून दापोलीजवळच्या आमच्या गावी गेलो. ताम्हिणी घाट उतरताना बॅटरीचे दोन-तीन टक्के परत मिळाले, त्यामुळे स्वारी खुशीत होती. (परतीचा हिशेब मी तेव्हा सोयीस्करपणे विसरलो होतो. दीड टनाची गाडी सहाशे मीटर वर चढवायला किमान अडीच युनिट वीज लागते, म्हणजे माझ्या तीस युनिटांच्या बॅटरीतले आठ टक्के.) घरी पोहोचल्यावर पडवीतल्या सॉकेटला चार्जर जोडला, तर त्याच्या डबीवरचा लाल दिवा लागला तो लागलाच.

"फ्रीज चालतो, पंप चालतो, मग हिलाच काय झालं रे?" काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. फ्रीज आणि पंप अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेची, चौकशी करीत नाहीत. मोटारीचा चार्जर मात्र वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो, कारण रबरी चाकांवर उभ्या असलेल्या त्या लोखंडी सांगाड्याला कोणीही सहज हात लावू शकते. गावातला वायरमन आला. त्याने होल्डरमधल्या शंभरच्या बल्बची एक तार फेजला आणि दुसरी अर्थला लावली. बल्ब जेमतेम मिणमिणला. घरामागे जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाने कोरडा ठणठणीत पडला होता. त्यात दोन बादल्या पाणी ओतले, थोडे मीठ टाकले, तसा बल्ब उजळला आणि पाच मिनिटांत गाडी चार्ज होऊ लागली.

विजेवरच्या वाहनांविषयी बोलताना आपण बहुधा बॅटरीविषयीच बोलतो: किती किलोमीटर जाते, किती वर्षे टिकते, पेट तर घेत नाही ना. या प्रश्नांची उत्तरे गेल्या काही वर्षांत बरीच सुधारली आहेत. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने नव्वदच्या दशकात पुढे आणलेले लिथियम-लोह-फॉस्फेट हे रसायन आज आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आहे. त्यात कोबाल्ट आणि निकेल लागत नाही आणि उष्णतेला ते अधिक धीराने तोंड देते. त्याची एकच खोड सांगतो. त्याच्या सेलचा विद्युतदाब बराच काळ 3.2 व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे किती वीज उरली आहे हे गाडीलाही अंदाजानेच सांगावे लागते; तो अंदाज ताळ्यावर आणण्यासाठी अधूनमधून बॅटरी पूर्ण भरावी लागते. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटरना आगी लागल्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत कडक झाले. 2010 मध्ये एका युनिट क्षमतेच्या बॅटरीला हजार डॉलरहून अधिक पडत, 2024 मध्ये तो आकडा सरासरी 115 डॉलरपर्यंत खाली आला. लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या बॅटरीचे तंत्र पुण्यातल्याच केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केले. ते गाड्यांत सर्रास दिसेल तेव्हा दिसेल, पण बॅटरीची मला आता फारशी काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती भिंतीतल्या वायरची. पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे सव्वातीन किलोवॉट मिळतात. गीझरही एवढीच वीज ओढतो, पण पंधरा-वीस मिनिटे. मोटार तेवढीच वीज नऊ-दहा तास सलग ओढते. पहिल्या वर्षी मी पार्किंगमधल्या जुन्या सॉकेटवर विसंबलो. एका सकाळी प्लग ओढला, तर एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचे प्लॅस्टिक कडेने वितळलेले. आतली वायर पातळ होती आणि स्क्रू सैल होता. चूक सर्वस्वी माझी होती. आधी जाड वायर टाकून घ्यायला हवी होती.

आमच्या सोसायटीत ती टाकायलाही आठ महिने गेले. घरच्या सध्याच्या जोडणीवर वाहन चार्ज करता येते, असे केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे, पण चौथ्या मजल्यावरच्या मीटरची वायर तळघरात कोणत्या भिंतीवरून न्यायची, हे त्या सूचनांत असणार तरी कसे? ते सर्वसाधारण सभेत ठरते, आणि तिथे लिफ्टच्या दुरुस्तीनंतर आमचा विषय निघतो.

म्हणूनच 2024-25 मधले प्रमाण पाहून मला आश्चर्य वाटले नाही. देशात विकल्या गेलेल्या नव्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेवरच्या होत्या, दुचाकी शंभरात जेमतेम सहा, तर मोटारी शंभरात तीनही नव्हत्या. तीनचाकीवाल्याला रोजचा खर्च रोज दिसतो. दुचाकीची वीज कमी, त्यामुळे साध्या सॉकेटवर भागते. एसटीची गोष्ट आणखी वेगळी. 1 जून 1948 रोजी पहिली एसटी ज्या पुणे-नगर मार्गावर धावली, त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी विजेवरची पहिली 'शिवाई' धावली. तिच्यासाठी आगारात स्वतंत्र जोडणी घेता येते, सभा भरवावी लागत नाही. माझ्या मते येत्या काही वर्षांत बस, रिक्षा आणि मालवाहू टेम्पो पुढे जातील, आणि सोसायटीतली मोटार रेंगाळत मागून येईल.

त्यात वेळेचाही घोळ आहे. सौरऊर्जा दुपारी भरपूर असते, म्हणून स्मार्ट मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. त्या वेळी माझी मोटार कार्यालयाच्या आवारात उन्हात नुसती उभी असते आणि रात्री, बहुतांशी कोळशाच्या विजेवर, घरी चार्ज होते. चार्जिंगची सोय कार्यालयांत झाली तर तीच गाडी, तीच बॅटरी, पण हिशेब पार बदलेल.

दिवाळीत पुन्हा गावी गेलो तेव्हा पहिल्याच प्रयत्नात हिरवा दिवा लागला. काकांनी मोरीच्या पाण्याचा पाट अर्थिंगच्या खड्ड्याकडे वळवला होता. केळी तेवढ्या रोडावल्या आहेत, अशी काकूची तक्रार आहे.