तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्याचे पात्र, आपली कथा

एका दिवाळी अंकाच्या कथाविभागाचे संपादन मी काही वर्षे केले आणि त्या कामाने एक प्रश्न माझ्यामागे कायमचा लावून दिला. कथालेखनाची कार्यशाळा असो, ग्रंथालयातला कार्यक्रम असो की लग्नाची पंगत, कोणीतरी मला बाजूला घेते आणि आवाज थोडा खाली आणून विचारते, “दुसऱ्या लेखकाचे पात्र घेऊन मी गोष्ट लिहिली, तर ती चोरी होते का हो?” विचारणारे बहुधा तरुण असतात. फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या लेखकाची पात्रे घेऊन चाहत्याने लिहिलेली नवी कथा, हा शब्द त्यांच्या चांगल्या परिचयाचा असतो आणि वहीत किंवा मोबाइलमध्ये तशी एखादी कथा आधीच लिहून झालेली असते. आजवर मी “तसे अगदी नाही, पण जपून” असे गुळमुळीत काहीतरी सांगून सुटका करून घेत आलो. ते उत्तर एकदा नीट द्यावे, म्हणून हे लिहितो आहे.

मुळात या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. वाङ्मयचौर्य ही वाचकाशी केलेली लबाडी असते, कारण जे आपले नाही ते आपले म्हणून त्याच्यापुढे ठेवलेले असते. स्वामित्वहक्काचा भंग हा मूळ लेखकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या मालमत्तेत विनापरवाना केलेला शिरकाव असतो, मग तो कितीही प्रामाणिकपणे केलेला असो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे मोजतात, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्क 2010 च्या अखेरीस संपला आणि ‘श्यामची आई’ आज कोणीही प्रकाशक छापू शकतो. पण त्यातले एखादे प्रकरण कोणी स्वतःच्या नावावर खपवले, तर मुदत संपली म्हणून त्याला चोर म्हणायचे थांबता येणार नाही. उलट, भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे फास्टर फेणेच्या गोष्टींवरचा हक्क 2061 अखेरपर्यंत आहे. एखाद्याने “पात्र भागवतांचे, गोष्ट माझी” असे वरच लिहून फेणेची नवी गोष्ट प्रसिद्ध केली, तर त्याने वाचकाला जराही फसवलेले नाही, परवानगीचा प्रश्न मात्र उभा राहतोच.

चोरीचा अनुभव मी संपादक म्हणून घेतला आहे आणि तो अजून विसरलेलो नाही. एका वर्षी टपालाने आलेली एक ग्रामीण कथा मला इतकी आवडली की मी ती अंकात अगदी पुढे घेतली. दिवाळी सरली आणि एका निवृत्त शिक्षकांचे पाकीट आले. आत एका जुन्या मासिकातील पानांच्या छायाप्रती होत्या. गावाचे नाव बदलले होते, म्हशीची गाय झाली होती, बाकी परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे होते. लेखकाला विचारले, तेव्हा “लहानपणी वाचली असेल, नकळत उतरली असेल” असे उत्तर मिळाले. नकळत एखादी उपमा उतरते, एखाद्या वाक्याची लय उतरते, हे मी मान्य करतो. चौदा पाने स्वल्पविरामांसकट नकळत उतरत नाहीत. मूळ लेखक हयात नव्हते. त्यांच्या मुलीचा शोध घेऊन मी फोन केला आणि मानधनाविषयी बोलू लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवले. पैशांचे नंतर पाहू, आधी बाबांचे नाव छापा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढच्या अंकात आम्ही चौकटीत दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांचे नाव छापले. 1957 च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम 57 नेमके याच भावनेसाठी आहे, हे मला तेव्हा उमगले. लेखकाने सगळे हक्क विकून टाकले, तरी “हे मी लिहिले” असे म्हणण्याचा आणि आपल्या लेखनाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा त्याचा अधिकार त्या कलमाने शाबूत राहतो.

आता कायदा नक्की कशाचे रक्षण करतो, ते पाहू. येथे एका निकालापाशी थांबायलाच हवे. आर. जी. आनंद यांनी 1953 मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले. दिल्लीत शेजारी राहणारी एक पंजाबी आणि एक मद्रासी कुटुंब, त्यांच्या मुलामुलींचे प्रेम आणि प्रांताभिमानातून झालेला विरोध, असा त्याचा विषय होता. 1956 मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि त्यातही पंजाबी-मद्रासी प्रेमकथाच होती. आनंद यांनी दिग्दर्शकाला आपले नाटक आधी ऐकवलेही होते. त्यामुळे त्यांना काय वाटले असेल, हे कोणाही लेखकाला सांगायला नको. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1978 मध्ये आनंद हरले. कल्पना, विषय, कथाबीज, ऐतिहासिक वा पौराणिक गोष्टी यांवर कोणाचीही मालकी नसते. ती असते त्या कल्पनेच्या मांडणीवर आणि आविष्कारावर, असे न्यायालयाने सांगितले. दोन्ही कृती पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असे निःसंशय वाटते का, ही कसोटी त्यांनी घालून दिली. चित्रपटात हुंड्यासारखे इतरही धागे होते आणि एकंदर हाताळणी वेगळी होती. निकाल कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे असे मला वाटते, तरी तो वाचताना माझी सहानुभूती दर वेळी आनंद यांच्याच बाजूला झुकते.

या निकालामुळे नवोदितांना दिलासा मिळतो, पण फॅन फिक्शनचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण तिथे नुसते बीज घेतलेले नसते. नाव, स्वभाव, बोलण्याची लकब, मित्रमंडळी, गाव हे सगळे उचललेले असते आणि उचलले आहे हे वाचकाला कळावे हाच हेतू असतो. पात्राला स्वतंत्र संरक्षण आहे का? ‘दबंग’ चित्रपटातील चुलबुल पांडेच्या संदर्भातील 2016 च्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, पुरेसे वेगळे आणि ठसठशीत पात्र संरक्षणास पात्र ठरू शकते हे तत्त्व मान्य केले, जरी मनाई हुकूम दिला नाही. म्हणजे “नुसते नावच तर घेतले” हा बचाव फार भक्कम नाही. “मी पैसे घेत नाही” हाही नाही, कारण हक्कभंग होण्यासाठी नफा व्हावाच लागतो असे आपला कायदा म्हणत नाही. आणि “सर्व हक्क मूळ लेखकाचे” ही सुरुवातीची ओळ चोरीच्या आरोपातून वाचवते, परवानगीच्या गरजेतून वाचवत नाही.

तरीही दार पूर्ण बंद नाही, आणि ते उघडे असल्याचा सर्वांत चांगला दाखला केरळमधला आहे. तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’, म्हणजे ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत’, हे 1952 चे नाटक तिथल्या राजकीय इतिहासाचाच भाग आहे. भासी यांच्या निधनानंतर सिव्हिक चंद्रन यांनी ‘तुम्ही कोणाला कम्युनिस्ट केलंत?’ अशा अर्थाच्या नावाचे प्रतिनाटक लिहिले. त्यात भासींची पात्रे होती, त्यांच्या नाटकातील संवाद होते, आणि चळवळीने ज्यांच्या जोरावर सत्ता मिळवली त्या दलित, कष्टकरी माणसांच्या पदरात काय पडले, असा सवाल होता. भासींच्या वारसांनी दावा केला आणि खालच्या न्यायालयाने प्रयोगांना मनाई केली. 1996 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. किती आणि कोणता भाग घेतला, कशासाठी घेतला, आणि नवी कृती जुनीच्या गिऱ्हाइकावर हात मारते का, असे तीन प्रश्न न्यायालयाने विचारात घेतले. उद्देश मूळ नाटकावर टीका करण्याचा होता आणि टीका करायची तर त्याला हात लावावाच लागणार, हे त्यांनी ओळखले. फॅन फिक्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे तीन प्रश्न आपल्या कथेला विचारून पाहावेत. मूळ कृतीशी जी कथा भांडते, तिची बाजू केवळ लाड करणाऱ्या कथेपेक्षा कायद्यापुढे बळकट असते.

आपल्याला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. मोरोपंतांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगतात. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या नाटकावरून आले आणि मराठी होऊन गेले. फरक एवढाच की आपल्याकडे ‘आधारित’ हा एक शब्द मुखपृष्ठावर टाकायलाही कित्येकांचा हात जड होतो.

फेणेचे उदाहरण मी वर उगाच घेतले नाही. नाशिकच्या एका अकरावीतल्या मुलीने मला खरोखरच फास्टर फेणेची गोष्ट पाठवली होती. वर “पात्र भागवतांचे” असे ठळक लिहिले होते आणि सोबत ठरलेला प्रश्न होता. मी तिला कळवले, की ही चोरी नाही, पण हक्कधारकांच्या परवानगीवाचून मी छापू शकत नाही. शिवाय एक प्रयोग सुचवला : बनेश फेणे हे नाव, त्याचे गाव फुरसुंगी, शाळा विद्याभवन आणि त्याचा ‘ट्टॉक’ काढून टाक आणि काय उरते ते बघ. महिन्याभराने तिचे उत्तर आले, की काहीच उरले नाही. मला वाईट वाटले, कारण गोष्ट वाचताना मजा आली होती.

दीड वर्षाने तिची दुसरी कथा आली. सिन्नरजवळच्या एका गावातली सायकलवेडी मुलगी, बंद पडलेली विडीची वखार आणि हरवलेले एक टपाल असा सगळा ऐवज तिचा स्वतःचा होता. आम्ही ती छापली. शीर्षकाखाली तिने बारीक अक्षरात एक ओळ घातली होती आणि मुद्रितशोधकाने ती चुकून आलेली समजून खोडली होती. मी ती परत घालायला लावली : “फुरसुंगीच्या बनेशला.”