सकाळ कामासाठी, बैठका दुपारी

आज नरिमन पॉइंटच्या कार्यालयात पोहोचल्यावर ईमेल न उघडता मी थेट तिमाही अहवाल हाती घेतला आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वीच त्यातील सर्वांत किचकट भाग पूर्ण झाला, याचे मनापासून समाधान वाटते. फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकात मांडलेली पोमोडोरो पद्धत, म्हणजे २५ मिनिटे एकच काम आणि मग ५ मिनिटे विश्रांती, मी वापरली. मात्र ताळेबंद तपासताना एवढा वेळ अपुरा पडतो, तेथे तो वाढवून घेणेच योग्य. बैठका दुपारी ठेवाव्यात, अशी विनंती मी साहेबांना करणार आहे, कारण विरार-डोंबिवलीच्या सहकाऱ्यांना संध्याकाळची ठरलेली लोकल गाठायची असते आणि सकाळ बैठकीत गेली की खरे काम नेमके त्या लोकलच्या वेळी येऊन ठेपते.