तुम्ही विचारलंत म्हणून: गेम आर्टिस्ट व्हायचंय, पण मूडच टिकत नाही

लग्नात, सोसायटीच्या पूजेला, इन्स्टाच्या मेसेजमध्ये, सगळीकडे एकच प्रश्न, "दादा, गेम आर्टिस्ट व्हायचंय, स्किल कशी वाढवू आणि मोटिव्हेशन कसं टिकवू?" (काकालोक वेगळं विचारतात, "गेम खेळायचा पगार देतात होय रे?" नाही हो काका, गेममध्ये दिसणारी माणसं, घरं, वस्तू बनवायचा देतात.)

आधी सामानाचं उरकतो. ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, क्रिता (चित्रं काढायचं) फुकट आहे, लॅपटॉप जो आहे तो चालवा. महागडा कोर्स लावायच्या आधी सहा महिने घरी करून बघा, आवडतंय का ते तरी कळेल. बास.

मोटिव्हेशनचं खरं सांगू का, माझं तर दर पंधरा दिवसांनी जायचं. ट्युटोरियल बघून ब्लेंडर शिकताना सगळेच करतात तो डोनट केला, मग तलवार, मग अर्धा ड्रॅगन, आणि हार्ड डिस्कवर अर्धवट फायलींचं गोडाऊन झालं. व्हिडिओ बघताना वाटतं आपल्याला येतंय, रिकामी फाईल उघडली की हात थांबतात. फरक पडला तो परळला आम्ही आधी राहायचो त्या चाळीची गॅलरी करायला घेतली तेव्हा. ड्रॅगनचा पाय कसा वाकतो मला काय माहीत, पण कठडा किती उंच, नळाखाली शेवाळ कुठवर, कुठल्या पायरीचा कोपरा तुटलाय हे डोळे मिटून माहीत होतं. आणि चाळ म्हणजे शिकायला मस्त प्रकार आहे, एक खांब, एक दार, एक खिडकी, कठड्याचा एक तुकडा बनवला की तेच परत परत लावून अख्खा मजला उभा राहतो, ह्यालाच मॉड्युलर किट म्हणतात, फक्त सगळे तुकडे एकाच मापाच्या ग्रिडवर बसले पाहिजेत नाहीतर सांध्यात फटी दिसतात. माझ्या दिसल्या. दोनदा सगळं परत केलं.

मग हौसेने चाळीतल्या शेजारच्या काकूंना व्हॉट्सॅपवर रेंडर, म्हणजे मॉडेलवरून तयार झालेलं चित्र, पाठवला. काकूंचा रिप्लाय: "छान आहे रे, पण सगळे ट्रान्झिट कॅम्पला गेले का?"

इतका नेमका फीडबॅक मला नंतर स्टुडिओतही क्वचित मिळाला. भिंती कोऱ्या, लाकूड नवंकोरं, दोरीवर एक कपडा नाही. रविवारी जाऊन कठडा नीट बघितला, तर लोक जिथे कोपर टेकून गप्पा मारतात तेवढंच लाकूड गुळगुळीत, खाली खरखरीत. रफनेस मॅपमध्ये (मॉडेलचा पृष्ठभाग कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत हे सांगणारं काळं-पांढरं चित्र) हेच रंगवायचं असतं, गुळगुळीत ते काळ्याकडे, खरखरीत ते पांढऱ्याकडे. (पावसात रेल्वेचा प्लॅटफॉर्म बघा, ओली जागा गडदही होते आणि चकाकतेही, नुसता रंग गडद केलात तर तेल सांडल्याचा सुकलेला डाग वाटतो.)

कॅरेक्टर करायचं असेल तर लालबाग-परळला गणपतीच्या कारखान्यात तासभर गप्प उभे राहा. आधी बैठक, पोट, सोंडेचा डौल, रंगकाम नंतर, डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. आणि आपण झीब्रश (कॉम्प्युटरवर मूर्ती कोरायचं सॉफ्टवेअर) उघडला की अर्ध्या तासात गालावरची छिद्रं कोरायला बसतो, मान कुठे गेली पत्ता नाही.

पहिल्या स्टुडिओने मला नकार दिला तेव्हा पोर्टफोलिओत बारा कामं होती, त्यातली तीन धड, आणि त्यांनी माप घेतलं सगळ्यात वाईट कामाचं. उरलेली नऊ तेव्हाच काढायला हवी होती, पण मी रुसून दोन महिने कॉम्प्युटरला हात लावला नाही. त्या काळात मोटिव्हेशन शून्य होतं, तरी स्केचची वही चालू राहिली कारण भांडुप-दादर लोकल चालू होती. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून समोरच्याचं स्केच काढायचं, तो घाटकोपरला उतरला की संपलं, त्यामुळे खांद्याचा उतार आणि वजन कुठल्या पायावर आहे हे आधी पकडायची आपोआप सवय लागते, चेहरा वेळ उरला तर. एकदा एका आजोबांनी वही मागितली, चष्मा कपाळावर सरकवून बघितली, "नाक मोठं काढलंस" म्हणाले आणि कुर्ल्याला उतरले. नाक खरंच मोठं झालं होतं.