तुम्ही विचारलंत म्हणून: नवव्या पानावरच्या पाच रिकाम्या चौकटी

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात माझ्या संग्रहाच्या फ्रेमपुढे थांबणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच. "मॅडम, नवव्या पानावर पाच चौकटी रिकाम्या का? मेमिन पिंगिनचा मेक्सिकन सेट होता ना तुमच्याकडे? विकलात का?" एक ज्येष्ठ संग्राहक तर म्हणाले, "अमेरिका ओरडली म्हणून तुम्ही कशाला घाबरता?" मी काहीतरी दोन वाक्यं बोलते, विषय बदलते, आणि घरी आल्यावर वाटत राहतं की खरं उत्तर दिलंच नाही. आठ-दहा वर्षं हे असं चाललंय. आता लिहूनच टाकते.

तिकिटं विकली नाहीत. हे आधी सांगते, कारण "भाव चढल्यावर काढून टाकली" असंही माझ्यामागे बोललं गेलंय. आणि अमेरिकेचा काही संबंध नाही.

ज्यांना हा सेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून 2005 च्या अखेरीस मेक्सिकोच्या टपाल खात्याने ही पाच तिकिटं काढली, प्रत्येकी साडेसहा पेसोंची, एकूण साडेसात लाख. मेमिन हा तिथल्या एका चित्रकथेतला गरीब काळा मुलगा. योलांदा वार्गास दुल्चे या लेखिकेने 1940 च्या दशकात तो लिहिला. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवते, मुलगा उनाड पण जीव लावणारा. चित्रकार सिक्स्तो वालेन्सियांच्या हातचा मेमिन म्हणजे तुळतुळीत डोकं, बटबटीत डोळे आणि अर्धा चेहरा व्यापणारे ओठ. तिकिटं निघाली आणि व्हाइट हाउसपासून काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जेसी जॅक्सनपर्यंत सगळ्यांनी टीका केली. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष फॉक्स यांनी तिकिटं मागे घ्यायला नकार दिला. आमच्यावर टीका करणाऱ्यांना मेमिन माहीतच नाही, असं मेक्सिकन लोक म्हणत होते. पोस्टाबाहेर रांगा लागल्या आणि काही दिवसांत सगळा साठा संपला.

मला तो सेट 2006 मध्ये मिळाला. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातल्या एका संग्राहकाशी माझी पत्राने अदलाबदल चालायची. मी त्यांना आपली 2001 ची पंचतंत्राची तिकिटं पाठवली होती. त्यांनी बटर पेपरच्या पाकिटात ही पाच तिकिटं पाठवली, सोबत मेमिनचा एक जुना अंक आणि चिठ्ठी: मी याच्यावरच वाचायला शिकलो, माझी आई मला हेच वाचून दाखवायची. ती चिठ्ठी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आजही मेमिनबद्दल कुणी एका शब्दात निकाल दिला की मला ती चिठ्ठी आठवते.

माझा विषय "तिकिटांवरची चित्रकथा". 1979 चा बेल्जियमचा टिनटिन, अमेरिकेचा 1995 चा वीस तिकिटांचा सेट, 2001 चा स्नूपी, आणि घरचा म्हणून लक्ष्मणांचा कॉमन मॅन, टाइम्स ऑफ इंडियाच्या दीडशे वर्षांनिमित्त 1988 मध्ये निघालेला. फ्रेममध्ये सोळा पानं बसतात. नववं पान मी मेमिनला दिलं. पाच तिकिटं, ती बसवायचे काळे माउंट, खाली चार ओळी: "मेक्सिकोचा लाडका खोडकर मुलगा. गरिबी, मैत्री आणि आईची माया यांची गोष्ट." वादाचा उल्लेखही केला नाही. तेव्हा माझं ठाम मत होतं की ज्या देशाने स्वतःच्या काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसवलं त्याने मेक्सिकोला शिकवू नये. ते मत अजूनही पुरतं गेलेलं नाही.

आता ती गोष्ट.

एका शाळेच्या सभागृहात तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहावीचा एक वर्ग आला. मुलांनी जरा थांबावं म्हणून मी फ्रेमसमोरच्या टेबलावर मेमिनचा तो जुना अंक ठेवला होता, हाताळायला परवानगी होती. मुलं फ्रेम भराभर बघत पुढे सरकत होती. नवव्या पानापाशी एकदम घोळका झाला, हसू फुटलं, आणि मागून एका मुलाला ढकलत पुढे आणलं गेलं. "ए, हा बघ तुझा फोटो! मेक्सिकोत छापलाय!" मुलगा रंगाने काळा, अंगाने किडकिडीत, इनशर्ट नीट केलेला. तो काही बोलला नाही. सरावाने जसं हसतात तसं हसला.

आणि मीही हसले. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्याला वाईट वाटू नये म्हणून हसले असं मी स्वतःला सांगत आले, पण तो क्षण आठवला की कळतं, मला त्या वेळी गंमतच वाटली होती. मी वर म्हणाले, "अरे, खूप गोड मुलगा आहे तो. सगळ्या देशाचा लाडका!"

वर्ग पुढे गेला. तो मागे राहिला. टेबलावरचा अंक उचलून त्याने दोन-चार पानं उलटली, सावकाश, बोट फिरवत. मग विचारलं, "काकू, याचे ओठ असे का काढलेत?"

मी म्हणाले, "व्यंगचित्र आहे ना बाळा. व्यंगचित्रात सगळ्यांचंच असं वाढवून काढतात."

त्याने अंक माझ्याकडे फिरवला. त्या पानावर मेमिन आणि त्याचे तीन दोस्त होते. कार्लांगास, एर्नेस्तियो, रिकार्दो. तिघांचे चेहरे नेहमीच्या मुलांसारखे, नाकडोळे बेतशीर, केस नीट विंचरलेले. "यांचे नाही काढले," तो म्हणाला. अंक होता तसा ठेवला, कोपरा टेबलाच्या कडेशी जुळवून, आणि वर्गाच्या मागे निघून गेला.

तो अंक माझ्याकडे पाच वर्षं होता. शेकडो वेळा चाळला होता. कागद, छपाई, तारीख, सगळं तपासलं होतं. ते तीन चेहरे आणि हा एक चेहरा शेजारी शेजारी मला दिसले नव्हते.

त्या संध्याकाळी पान काढलं असं नाही. तिसऱ्या दिवशीही ती तिकिटं तिथेच होती, परीक्षक यायचे होते आणि मला पदक हवं होतं. मिळालंही. नंतर घरी चिमट्याने पाचही काढून स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं ठेवायच्या वहीत, ठेवली.

पुढच्या प्रदर्शनासाठी मी दुसरा प्रयत्न केला. तिकिटं परत लावली आणि खाली मोठा मजकूर लिहिला: वाद काय, दोन्ही बाजू काय. त्यासाठी वाचायला बसले तेव्हा कळलं की मला वाटायचं तसं हे अमेरिका विरुद्ध मेक्सिको नव्हतंच. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, गेरेरो आणि ओआहाका प्रांतांतल्या कोस्ता चिका भागात, गुलामांच्या वंशजांची गावं आहेत. तिथल्या काळ्या मेक्सिकन लोकांच्या "मेहिको नेग्रो" या संघटनेनेही राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून आक्षेप घेतला होता. "आमच्याकडे कुणाला वाईट वाटत नाही" असं जे लोक म्हणत होते ते यांना मोजतच नव्हते. देशाच्या राज्यघटनेत या लोकांचं नाव यायला 2019 उजाडलं. 2020 च्या जनगणनेत पंचवीस लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला त्यांच्यातले म्हणवून घेतलं.

तो मजकूर वाचायला फारसं कुणी थांबलं नाही. चित्र आधी दिसतं, मजकूर नंतर. लोक हसायचे आणि मग वाचायचे, किंवा हसून पुढे जायचे. परीक्षक म्हणाले, मजकूर फार झाला, तिकिटांना जागा उरली नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. मी तिकिटं पुन्हा काढली, पण पान मात्र काढलं नाही. पाच चौकटी आणि खाली देश, साल, किंमत, एवढंच ठेवलं.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. "टिनटिनच्या काँगोचं पान कसं चालतं?" बेल्जियम आणि काँगोने 2001 मध्ये मिळून काढलेली ती तिकिटं अजून माझ्या फ्रेममध्ये आहेत. टिनटिन काँगोत जातो त्या गोष्टीतले काळे लोक काही बरे काढलेले नाहीत. मी म्हणते, काँगोने स्वतः ती काढली, मी कोण नाही म्हणणारी? मग मेक्सिकोनेही स्वतःच काढली होती की. इथे माझ्याजवळ उत्तर नाही. काँगोच्या पानापुढे कुणा मुलाला ढकलून आणलेलं मी पाहिलेलं नाही, एवढंच खरं.

"आपल्याकडे काळ्या, काळू लाडाने म्हणतात, त्यात काय?" हे तर मीच म्हणायचे. माझ्या धाकट्या भावाला घरात काळ्याच म्हणायचे आणि तो हाक मारली की यायचा. त्याला कसं वाटायचं हे मी पहिल्यांदा त्या प्रदर्शनानंतर विचारलं. तो पन्नाशीचा होता. म्हणाला, "आता कशाला?"

"संग्राहकाने लपवू नये, तिकीट हा दस्तऐवज आहे." हे मला पटतं. पूर्ण पटतं. म्हणून तर फाडली नाहीत, विकली नाहीत, कुणी मागितली तर दाखवते. पण दाखवते तेव्हा बसून दाखवते, सोबत अंक ठेवते, आणि ते पान उघडते जिथे चौघे आहेत. ज्यांना पाच मिनिटं आहेत त्यांच्यासाठी ती तिकिटं आहेत. भिंतीवरून जाता जाता बघायला नाहीत.

आणि तरीही ग्वादालाहाराच्या त्या माणसाचं काय? त्याला त्याची आई आठवते. मी त्याला कधी लिहिलं नाही की तुमची भेट मी पानावरून उतरवली. दोनदा पत्र सुरू केलं. "तुमच्या मेमिनबद्दल" एवढं लिहून थांबले. मागच्या नाताळात त्याचं कार्ड आलं, वर चार तिकिटं, माझ्यासाठी निवडून लावलेली. पत्र अजून गेलेलं नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे दमट हवेने डिंक चिकटतो, म्हणून जुलैत सगळी स्टॉकबुकं उघडून उभी करते. तेव्हा ती पाचही बघते. सध्या छान स्थितीत आहेत, एकाच्याही कडेचा दात तुटलेला नाही.

तर, विकली का? नाही. यंदाच्या प्रदर्शनात लावणार का? नाही. चौकटी तशाच राहतील. पुढच्या वर्षी काय ते अजून ठरलेलं नाही. विचाराल तेव्हा तोंडावर उत्तर देईन, विषय बदलणार नाही.